तलावाकाठच्या कॉलेज विस्ताराचा पर्यावरण अहवाल: नागपुरातल्या एका सल्लागार सेवेबद्दल

नकाशे नेटके, फोटो झकास, पण पाण्याचं काम कच्चं. तलावाचे नमुने घेतले दुपारी दोनला, तेही काठावरूनच. भर उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडतं आणि पाण्यातल्या ऑक्सिजनचा आकडा फुगतो. तलावाची खरी तब्येत पहाटेच्या नमुन्यात कळते. शिवाय विरघळलेला ऑक्सिजन जागीच मोजावा किंवा रसायनं घालून तिथेच फिक्स करावा, म्हणजे बदलणार नाही असा बांधून ठेवावा लागतो. बाटली तशीच प्रयोगशाळेत नेली की रीडिंग बाद.

पावसाच्या पाण्याचा हिशोबही ढोबळच. 10,000 चौरस मीटर छतावर 50 मिमी पाऊस पडला, तर 0.9 गुणांकाने, म्हणजे 90 टक्के पाणी वाहून जातं असं धरून, साडेचार लाख लिटर पाणी वाहतं. त्याच जागी मोकळी जमीन असती, तर 0.3 धरून दीड लाख. वरचे तीन लाख लिटर थांबणार कुठे? अहवालात उत्तर एकच: 'शोषखड्डे'. अहो, काळी माती भिजून फुगली की खड्डा पाणी पितच नाही! जमीन किती वेगाने पाणी शोषते ते मोजणाऱ्या झिरपण चाचणीचा पत्ता नाही. सप्टेंबर 2023 मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून वस्त्यांत पाणी शिरलेल्या शहरात हे खपायला नको.

पक्षीगणना मात्र जानेवारीत, पाहुणे पक्षी असताना केली. ते काम चोख.

करारातच पहाटेचे नमुने, झिरपण चाचणी आणि साठवण टाकीचं घनमाप लिहून घ्या.