टॉवर लाइनशेजारी अकरा महिने: धायरीतला फ्लॅट घ्यायचा की नाही

गेल्या वर्षी धायरी-नऱ्हे भागात घर शोधताना एक फ्लॅट मनात भरला. पाचवा मजला, पश्चिमेची बाल्कनी, समोर सिंहगड. आणि सिंहगडाच्या अलीकडे, बाल्कनीच्या जवळजवळ समोरून जाणाऱ्या, उच्च दाबाची वीज नेणाऱ्या टॉवर लाइनच्या तारा. ए विंगमधल्या या फ्लॅटचे मालक ६२ लाख म्हणत होते. त्याच सोसायटीत मागच्या सी विंगमध्ये तेवढाच फ्लॅट ६९ लाखांना होता. सात लाखांचा फरक फक्त त्या तारांमुळे. आमचा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता, त्यामुळे एजंटच्या "काही होत नाही हो" वर विसंबणं मला शक्य नव्हतं. मालक भाड्याने द्यायलाही तयार होते, म्हणून जून ते एप्रिल असा अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार केला. पावसाळा, थंडी, उन्हाळा तिन्ही तिथे राहून बघायचे आणि मग ठरवायचं.

माझे सासरे वीज मंडळात लाइनमन होते. सामान उतरत असतानाच ते पार्किंगमध्ये उभे राहून टॉवरवर तार ज्याला टांगतात त्या इन्सुलेटरच्या एका माळेतल्या डिस्क मोजत होते. "चौदा आहेत सूनबाई. २२० केव्ही." केव्ही म्हणजे हजार व्होल्ट. १३२ च्या लाइनला नऊ-दहा असतात, ४०० ला वीसच्या वर. हे कुणालाही खाली उभं राहून करता येतं, आणि पहिलं हेच करावं, कारण पुढचे सगळे आकडे व्होल्टेजवर ठरतात.

अंतराचे आकडे दोन आहेत आणि इथेच लोकांची फसगत होते. इमारतीपासून सगळ्यात जवळच्या तारेपर्यंत सोडायचं आडवं सुरक्षित अंतर २२० केव्हीला ३.८ मीटर आहे. लाइनचा पट्टा, म्हणजे तारांखाली मोकळा ठेवायचा भाग, मात्र ३५ मीटर रुंद धरतात, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना साडेसतरा. एजंट "नियमाप्रमाणे आहे" म्हणाला तो पहिल्या आकड्यावर. आम्ही टेप लावून लाइनच्या मध्यापासून बाल्कनीखालपर्यंत मोजलं तर २४ मीटर भरलं, म्हणजे आमची इमारत पट्ट्याच्याही बाहेर होती. मात्र मोजायचं टॉवरजवळ नाही, दोन टॉवरच्या मधोमध, कारण तिथे तार वाऱ्याने सगळ्यात जास्त झुलते. उन्हाने झोळही वाढतो. एप्रिलच्या दुपारी तारा जूनपेक्षा खाली आलेल्या आम्हाला बाल्कनीतून नुसत्या डोळ्यांनी कळत होत्या.

आवाजाची कल्पना मला अजिबात नव्हती. जूनच्या पहिल्या पावसात रात्री अकराला बाहेरून चर्र-चर्र असा आवाज सुरू झाला, तेल तापलेल्या कढईत थेंब पडावा तसा, पण न थांबणारा. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, सांगितलं, हा करोना. तारेभोवतीच्या हवेत होणारं विजेचं बारीक डिस्चार्ज. थेंब आणि दव तारेवर बसले की वाढतं. कोरड्या दिवसांत कान देऊन ऐकलं तरच येतो. पण जुलै-ऑगस्टमध्ये जवळजवळ रोज आणि डिसेंबरच्या धुक्यात पहाटे ठळक. मुलगा दोन आठवड्यांत सरावला, मी सरावले नाही. पश्चिमेची खिडकी लावून झोपायला लागले, आणि ज्या वाऱ्यासाठी फ्लॅट आवडला होता तो पावसाळाभर बंदच राहिला. त्याच करोनामुळे सासूबाईंच्या जुन्या रेडिओवर पुणे केंद्र, म्हणजे मिडियम वेव्हचं ७९२, पावसात नुसतं खरखरायचं. एफएमवर विविधभारती स्वच्छ लागायची. मोबाईल, वायफाय, टीव्ही यांना अकरा महिन्यांत काहीही झालं नाही.

गच्चीवर कपडे वाळत घालायला जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार होती. ओल्या हाताने धरली की झिणझिण्या यायच्या. गच्चीच्या लोखंडी कठड्याला मात्र काही नाही, कारण तो अर्थिंगने जमिनीशी जोडलेला आहे. लांब, मोकळी, अर्थिंग नसलेली तार अशा लाइनजवळ चार्ज पकडते. बाबांनी त्याच रविवारी ती काढून नायलॉनची दोरी बांधली. संक्रांतीला मी मुलांना गच्चीवर पतंग उडवू दिला नाही, त्यावरून सोसायटीत थोडी नाराजी झाली. झाली तर झाली. २२० केव्हीच्या तारेत अडकलेला मांजा हातात असणं म्हणजे काय, हे बाबांनी नोकरीत पाहिलं आहे.

आता ज्यासाठी झोप उडते ते, तब्येत. मी वाचलं आणि मोजलं, दोन्ही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००१ मध्ये अशा तारांभोवती तयार होणाऱ्या चुंबकीय क्षेत्राला "कदाचित कर्करोगकारक" या २बी गटात टाकलं. आधार होता लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचा: घरातल्या क्षेत्राची सरासरी ०.३ ते ०.४ मायक्रोटेस्लाच्या (हे क्षेत्र मोजायचं एकक) वर असलेल्या मुलांमध्ये प्रमाण थोडं जास्त दिसलं. कारण-परिणाम सिद्ध झालेला नाही, आणि सर्वसामान्यांसाठीची आंतरराष्ट्रीय मर्यादा २०१० पासून २०० मायक्रोटेस्ला आहे. या दोन आकड्यांमधलं अंतर पाहून मी बरेच दिवस गोंधळले होते.

मग ऑफिसमधल्या एकाचा गॉसमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजायचं यंत्र, आणला. बाल्कनीत दुपारी ०.६ मायक्रोटेस्ला, संध्याकाळी आठला १.१. व्होल्टेज तेच, मग दुप्पट कसं? "क्षेत्र करंटचं असतं, लोड वाढला की वाढणार," बाबा म्हणाले. म्हणून एकदाच दुपारी मोजून निर्धास्त होऊ नये. भिंत हे क्षेत्र अडवत नाही, अंतरच ते कमी करतं. मुलाच्या पलंगावर रात्री ०.४ यायचं. सी विंगच्या फ्लॅटमध्ये, सुमारे ९० मीटर मागे, ०.०५. मिक्सरला चिकटवला तर आकडा उडी मारतो, पण मिक्सर दोन मिनिटं चालतो आणि पलंगावर मूल दहा तास झोपतं. सगळ्यात धक्का तळमजल्याच्या एका फ्लॅटने दिला: मीटर रूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीशी २ च्या वर! त्यांना लाइन दिसतही नाही. मी सांगितल्यावर त्यांनी पलंग समोरच्या भिंतीला नेला.

लाइन दारात म्हणून वीज जात नाही, हाही एक समज. गुरुवारी आमचीही जायची. आपल्याला वीज येते ती २२ केव्हीच्या फीडरवरून सोसायटीच्या रोहित्रातून. या तारा आपल्या डोक्यावरून फक्त पुढे जातात.

फेब्रुवारीत गृहकर्जाची चौकशी केली. मूल्यांकन करायला आलेल्या माणसाने आल्या आल्या बाल्कनीतून तारांचे फोटो काढले, मंजूर नकाशात लाइनचा पट्टा कुठे दाखवलाय ते विचारलं आणि किंमत ६२ पेक्षाही खाली धरली. म्हणजे विकायला निघालो तर पुढचा गिऱ्हाईकही हेच करणार. नकाशा महारेराच्या संकेतस्थळावर होता. माहितीपत्रकात "हिरवळ" म्हणून रंगवलेली मोकळी जागा त्यात लाइनचा पट्टा म्हणून स्पष्ट दिसते.

मुलगा नसता, किंवा मोठा असता, तर मी ए विंगचाच फ्लॅट घेतला असता आणि बचत झालेल्या पैशांत पश्चिमेच्या खिडकीला चांगली दुहेरी काच बसवली असती. ०.४ मुळे त्याला काही होईल असं मला वाटत नाही. पण त्याची पुढची दहा वर्षं त्याच पलंगावर जाणार होती, आणि ०.०५ चा पर्याय त्याच आवारात होता. सी विंगवाल्यांशी बोलून ६७ लाख ५० हजारांना सौदा ठरला, इसार दिला. सिंहगड आता स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिरका, थोडासा दिसतो. ए विंग सोडताना बाबा शेवटचं गच्चीवर जाऊन नायलॉनच्या दोरीच्या गाठी घट्ट करून आले.