‘बसते म्हणजे चालते’ म्हणणाऱ्यानं माझे 44,300 रुपये नेले

आकडे आधीच सांगतो. 36,500 कॅमेऱ्याच्या जुन्या लेन्सचे, 7,800 एका पोकळ रिंगचे. आता ‘बघून घ्यायची होती की’ म्हणायला जे टपून बसलेत त्यांनी जरा दमानं घ्यावं. मी बघूनच घेतली होती.

माझ्याकडे निकॉनचा डी5600 कॅमेरा आहे. लग्नसराईत मोठ्या फोटोग्राफरबरोबर दुसरा कॅमेरा म्हणून जातो आणि आमच्या सोलापुरातल्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे फोटो काढतो. त्या गर्दीत पुढं घुसता येत नाही, लांबची लेन्स लागतेच. नवी 70-200 एफ2.8 आमच्या ऐपतीत नाही. जुन्या सामानाच्या एका ग्रुपवर 80-200 एफ2.8 डी दिसली, ‘स्टुडिओ बंद, अर्जंट विकणे’. गोड बोलणं, आधारचा फोटो, ‘दुसरं गिऱ्हाईक टोकन द्यायला तयार आहे’, हे सगळं तुम्हाला पाठ असेल. ते सोडतो.

एसटी स्टँडजवळ चहाच्या गाड्यावर भेटला. लेन्स त्याच्याच कॅमेऱ्याच्या बॉडीवर चढवलेली. शटर अर्धं दाबलं की खर्र आवाज व्हायचा आणि समोरून वळणाऱ्या एसटीची पाटी लख्ख. मी स्वतः डोळा लावून पाहिलं. काचेत टॉर्च मारला, बुरशी नाही. उजेड कमी-जास्त करणाऱ्या अ‍ॅपर्चरच्या ब्लेडवर तेल नाही. मग म्हटलं, आता माझ्या बॉडीवर लावून बघू. तर म्हणाला, “दादा, इथं धूळ बघा किती आहे. सेन्सरवर बसली की साफ करायला पैसे जातील. निकॉनची लेन्स निकॉनला बसतेच, बसते म्हणजे चालते.” सोलापुरातल्या धुळीबद्दल कुणी बोललं तर आपण नाही कसं म्हणणार? त्याच्या बॉडीवर मॉडेलच्या आकड्यावर काळी टेप होती. तिच्याकडे मी बघत होतो! विचारलंही. “चोरांची नजर जाऊ नये म्हणून.” आता सांगा, अशी टेप निम्मे फोटोग्राफर लावतात की नाही? पण त्या टेपखाली आत मोटर असलेला डी7200 किंवा तसलंच काहीतरी असणार, आणि सगळी मेख तिथंच होती. 10,000 रोख दिले, 26,500 यूपीआयनं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. निकॉनचा एफ माउंट, म्हणजे लेन्स बसते ती बॉडीवरची रिंग, 1959 पासून तोच आहे, म्हणून जुनी लेन्स टक्कन बसते. पण माझ्यासारख्या ‘एएफ-डी’ लेन्समध्ये फोकस करणारी मोटर नसते. बॉडीच्या माउंटच्या कडेला पेचकसाच्या टोकासारखा बारीक दांडा असतो, तो लेन्सचा फोकस फिरवतो. 2006 साली डी40 आला तेव्हा निकॉननं स्वस्त बॉडीतून तो दांडा काढून टाकला. डी3000 आणि डी5000 च्या घरातल्या कुठल्याच बॉडीत तो नाही. तुमच्या कॅमेऱ्याची लेन्स काढा आणि रिंगमध्ये बघा, दोन सेकंदांचं काम आहे. दांडा नसेल तर निकॉनची नावात ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ असलेलीच लेन्स घ्या, त्यांच्यात मोटर आतच असते. जुन्या बॉडीवर एएफ-पी चालत नाही, ते वेगळंच.

घरी लावली तर स्क्रीनवर ‘एफईई’ अशी एरर आली. फोन केला. “अ‍ॅपर्चरची रिंग 22 वर नेऊन लॉक करा.” केली, एरर गेली. माणूस खरा आहे असंच कुणालाही वाटलं असतं. उजेड मोजणारा मीटर चालतो, अ‍ॅपर्चर बदलतं, हातानं फोकस फिरवला तर व्ह्यूफाइंडरमध्ये फोकस जुळल्याचा हिरवा ठिपकासुद्धा लागतो. फक्त ऑटोफोकस मेलेला. पुन्हा फोन. आधी म्हणाला फर्मवेअर अपडेट करा. मग म्हणाला, “तुमच्या मॉडेलला मोटरची रिंग लागते, आमच्याकडे आहे, कुरिअर करतो.” 7,800.

आली ती साधी मॅक्रोची एक्स्टेन्शन रिंग. आत काच नाही, मोटर नाही, एका डोळ्यानं आरपार दिसतं. ती लावली की लेन्स पुढं सरकते आणि लांबचं काही फोकसच होत नाही. तोवर त्याचा नंबर बंद. दोन दिवसांनी एका लग्नात अक्षता पडत होत्या आणि मी सव्वा किलोची लेन्स हातानं फिरवत बसलो होतो. नवरी धूसर, मागची कमान लख्ख. त्या कामाचे पैसेही कापले गेले, ते वरच्या हिशोबात धरलेले नाहीत.

आता पोलिसांचं ऐका. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रारीचा नंबर मिळाला, पुढं स्थानिक ठाण्यात जा म्हणाले. ठाण्यातला प्रश्न: “लेन्स मिळाली ना?” मिळाली. “रिंग मिळाली ना?” मिळाली. “मग फसवणूक कसली?” मी टेबलावर लेन्स, रिंग, कॅमेरा मांडून दाखवलं. साहेबांनी लेन्स उचलून खिडकीतून बाहेर पाहिलं आणि म्हणाले, “चांगली दिसतीय की.” मोटर म्हणून पोकळ नळी विकली, हे पहिलीतल्या पोराला कळेल! भारतीय न्याय संहितेचं कलम 318 म्हणजे जुनं 420, ते मी मोबाईलवर काढून दाखवलं तर “आम्हाला कायदा शिकवू नका.” हा दिवाणी मामला आहे म्हणे. अर्ज घेतला, पोच मागितली तर उद्या या. उद्या गेलो तर साहेब बंदोबस्ताला. त्यानंतर गेलो तर अर्जच सापडेना, पुन्हा लिहून द्या! बँकेत त्याहून कहर. “पिन तुम्हीच टाकलाय ना? मग व्यवहार अधिकृत आहे.” समोरचं खातं निदान गोठवा म्हटलं तर पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात आधी बँकेचं स्टेटमेंट आणा. ओळखीचे वकील म्हणाले, एखाद्यानं घरची वस्तू विकली तर ग्राहक आयोगात ते टिकवणं अवघड. म्हणजे ज्याचे गेले त्यानंच बोंबलत फिरायचं.

कॅननवाल्यांनी हसू नये. तुमच्या ईएफ लेन्समध्ये 1987 पासून मोटर आतच असते हे खरं, पण नव्या मिररलेस कॅमेऱ्यांची आरएफ लेन्स जुन्या डीएसएलआरला बसवणारा अ‍ॅडाप्टर कुणी विकत असेल तर तो चोर आहे. आरएफमध्ये माउंट ते सेन्सर अंतर 20 मिलिमीटर, ईएफमध्ये 44. मध्ये रिंग घातली की अंतर वाढतं, कमी कसं होईल? कॅननची लेन्स निकॉन डीएसएलआरला लावून देतो म्हणणाऱ्यालाही हाच हिशोब विचारा, निकॉनचं अंतर 46.5 आहे. आणि निकॉनचा मिररलेस झेड घेतलेल्यांनो, जुनी लेन्स त्याला लावणाऱ्या एफटीझेड अ‍ॅडाप्टरमध्ये तो दांडा नाही. डी लेन्स तिथंही हातानंच.

लेन्स स्वतःच्या बॉडीवर, स्वतःच्या कार्डावर फोटो काढून बघितल्याशिवाय एक रुपया सोडू नका. धूळ असेल तर दुकानात शिरा, गाडीत बसा. विकणाऱ्याला त्याच्या बॉडीचं मॉडेल मेनूमधून दाखवायला लावा. मेसेजमध्ये ‘अमुक मॉडेलवर ऑटोफोकस चालतो’ असं लिहून घ्या. माझ्याकडे हे सगळं फक्त फोनवरच्या बोलण्यात आहे, म्हणून तर साहेब हसले.

काल त्याच ग्रुपवर नव्या नावानं टोकिना कंपनीची 11-16 लेन्स विकायला आली आहे, ‘कुठल्याही निकॉनला’ असं लिहून. मजकुराची भाषा तीच, ‘स्टुडिओ बंद, अर्जंट’. निकॉनसाठीच्या त्या लेन्सच्या पहिल्या आवृत्तीत मोटर नाही, दुसरीत आहे. ही कुठली ते मी जाहिरातीखाली विचारलं, तर मला ग्रुपमधून काढून टाकलं. कुणी अजून त्या ग्रुपवर असेल तर विचारा.