येऊर की खाडी? रविवारची सकाळ एकच असते तेव्हा

कॅमेरा घेऊन झाला, मोठ्या लेन्सचे हप्तेही सुरू झाले. आता रविवारी पक्ष्यांचे फोटो काढायला जायचं कुठे? ठाण्यात या प्रश्नाची फिरून फिरून दोनच उत्तरं येतात: उपवनवरून चढ चढून येऊर, नाहीतर कळवा-विटाव्यावरून ऐरोलीची खाडी. दोन्हीकडे जाऊन बघा, असं कुणीही सांगेल. पण आठवड्यातून एकच सकाळ मिळत असेल तर एक जागा धरावी लागते. त्याच झाडावर, त्याच काठावर वारंवार गेल्याशिवाय पक्षी हाती लागत नाहीत. मी दोन्हीकडे बरीच वर्षं जातो आहे, आणि हल्ली माझी गाडी विचार न करता ऐरोलीकडे वळते. तुमचं वेगळं होऊ शकेल.

आधी येऊर. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ही ठाण्याकडची बाजू. फेब्रुवारी-मार्चमध्ये सावर आणि पळस फुलले की एका झाडाखाली उभं राहून जेवढे पक्षी दिसतात तेवढे खाडीवर दिवसभर फिरून दिसणार नाहीत, म्हणजे प्रकार म्हणतोय मी, संख्या नव्हे. हळद्या, कोतवाल, तांबट, राखी धनेश, वर घिरट्या घालणारा सर्पगरुड. स्वर्गीय नर्तकाची पांढरी शेपटी एकदा डोळ्यांसमोरून गेली की माणूस पुढचे कित्येक रविवार त्या ओढ्यापाशी घालवतो. बिबट्याची आशा मात्र घरी ठेवून या. तो आहे, तुम्हाला बघतोही, फोटोला मात्र उभा राहत नाही. प्रकाशाची अडचण आहेच: पानांच्या खाली सकाळी आठलाही आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनक्षमता) 3200च्या खाली यायला तयार नसतो. पण ते सोसता येतं.

मला सोसवलं नाही ते दुसरंच. जंगलात पक्षी आधी कानाला सापडतो, मग डोळ्याला. सुभगाची शीळ कुठल्या फांदीवरून आली ते कळलं तर मान तिकडे वळणार. भृंगराज दुसऱ्यांच्या नकला करून फसवतो, तरी तोही कानानेच शोधायचा. आणि रविवारी येऊरला कानच मिळत नाही. आदल्या रात्रीच्या पार्ट्यांचा शेवट कुठल्यातरी बंगल्यात सकाळपर्यंत रेंगाळलेला असतो, रस्त्याच्या वळणांवर बाइकवाले हॉर्न तपासून बघतात, आणि चालायला येणाऱ्यांतल्या एखाद्याच्या खिशात भजनं मोठ्याने चालू असतात. (भजनाला माझी हरकत नाही, खिशाला आहे.) त्यावर कळस म्हणजे आपलेच फोटोग्राफर बांधव. पहिल्या पावसाच्या सुमाराला नवरंग येतो, त्याची दुहेरी शीळ ऐकून मी एका झुडपासमोर श्वास रोखून बराच वेळ बसलो होतो. शीळ अगदी वेळेवर, अगदी एकसारखी येत होती. झुडपामागून शेवटी एक गृहस्थ उठले आणि ब्लूटूथ स्पीकर पिशवीत घालून निघून गेले. विणीच्या दिवसांत आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणं म्हणजे त्याला खोट्या शत्रूशी भांडायला लावणं, हे त्यांना ठाऊक नसेल असंही नाही.

त्या दिवसापासून येऊरमधल्या प्रत्येक आवाजाचा मला संशय येतो. जंगलातली मजा तिथेच अर्धी झाली.

खाडीवर गोंगाट कमी असतो असं मुळीच नाही. पलीकडे पूल, डोक्यावर विजेच्या तारा, मधूनच विमान. पण तिथे कानाचं काम पडत नाही. रोहित पक्ष्यांचा (फ्लेमिंगोंचा) थवा शोधायला कान कशाला हवा? दूरवर गुलाबी पट्टा दिसतो, तेच ते. कांदळवनाच्या कडेने कोल्हा निघाला तर तोही डोळ्यालाच दिसतो, आणि ऐरोलीच्या बाजूला तो निघतो बरं का. शिवाय ऐरोली पूर्वेच्या काठावर आहे, म्हणजे सकाळी सूर्य पाठीशी आणि पक्षी समोर उजळलेले. समोरच्या भांडूपच्या काठावर हेच गणित उलटं होतं, तिथे सकाळी सगळे पक्षी काळे दिसतात.

खाडीबद्दल लोकांची तक्रार वेगळी असते: गेलो, आणि पक्षी ठिपक्याएवढे दिसले. कारण भरती-ओहोटी. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणजे आठवड्यात जवळजवळ सहा तास. त्यामुळे एका रविवारी आठला भरती असेल तर पुढच्या रविवारी आठला ओहोटी असते. येऊरच्या गोंगाटाला वेळापत्रक नाही, याला आहे, आणि माझ्यासाठी तिथेच पारडं झुकलं. दिवा-कोळीवाड्यातल्या एका मामांनी शिकवलेला हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. ठाण्याच्या अंगाला पाणी थोडं उशिरा पोचतं, तेवढं धरायचं. पाणी चढत असताना थवे चिखलावरून सरकत सरकत काठाकडे येतात, म्हणून दशमी ते पौर्णिमा-अमावास्या हे रविवार सोन्याचे. तृतीया ते षष्ठी सकाळी ओहोटी असते, तेव्हा 600 मिलिमीटरची लेन्सही अपुरी पडते. आणि ऊन चढलं की चिखलावरची हवा थरथरायला लागते, मग सगळेच फोटो पुसट येतात. पाणी पूर्ण भरलं की थवे उठून नेरूळकडच्या पाणथळींवर जातात, तेव्हा गाडी तिथल्या टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या दिशेला घ्या.

ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोटही निघते. बोटीतून पक्षी जवळ दिसतात, पण अंतर नावाड्याच्या हाती असतं आणि कुणीतरी ‘अजून जवळ घ्या’ म्हणतंच. मग थवा उडतो. उडणाऱ्या थव्याचा फोटो छान येतो, हे खरं. पक्ष्यांची न्याहारी मात्र बुडते. मला काठावरून बसून बघणं जास्त पटतं, डास सोसून. वासाचीही सवय होते. 2022मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, गेलेल्या या खाडीला तेवढं माफ करायला हरकत नसावी.

हे सगळं नोव्हेंबर ते मे या काळाचं. जून ते ऑक्टोबर खाडी बरीचशी रिकामी असते, आणि तेव्हा मी बिनतक्रार येऊरला जातो, पण शक्यतो रजा टाकून मंगळवारी किंवा बुधवारी. हिवाळ्यातला तृतीया-चतुर्थीचा रविवार आला तरीही येऊरच, सहाच्या आत पोचून, पाटोणापाड्याच्या पुढे. साडेसातपर्यंत कान चालतात तेवढे चालवायचे आणि बाइक वर यायला लागल्या की खाली उतरून उपवनला चहा घ्यायचा.