स्टँडअप शिकायचंय: नाट्यशिक्षण की ओपन माइक?

पुण्यात राहून स्टँडअप कॉमेडी शिकायची तर आधी नाट्यशिक्षण घ्यावं की थेट ओपन माइकला, म्हणजे कुणीही नाव देऊन काही मिनिटं सादर करू शकेल अशा कार्यक्रमाला, नाव द्यावं, हा प्रश्न बरेच जण विचारतात. सादरच करायचं असेल, तर मी ओपन माइकच्या बाजूने आहे. पण नाट्यशिक्षणाला कमी लेखू नका.

पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून आहे. तिथे पदव्या मिळतात त्या नाट्य, संगीत आणि नृत्याच्या, स्टँडअपची नाही. तरी आवाज, श्वास, रंगमंचावरचा वावर आणि संहितेची समज अशा शिक्षणातून घडते, आणि ती माइकसमोरही कामी येते. जोडीला नाट्यशास्त्र. भरताने स्मितापासून अतिहसितापर्यंत हास्याचे सहा प्रकार सांगितले, शिवाय स्वतः हसणं ते आत्मस्थ आणि दुसऱ्याला हसवणं ते परस्थ, असा भेद केला. माइकसमोर स्वतःच्याच विनोदावर आधी हसणाऱ्याने हा भेद जरूर वाचावा.

मात्र एकांकिकेची महिनाभर तालीम करून मग प्रयोग करता येतो. स्टँडअपची खरी तालीम प्रेक्षकांसमोरच होते. पंच, म्हणजे हशा आणणारा शब्द, कुठे पडतो ते तिथेच कळतं. मराठीत तर ही अडचण मोठी, कारण आपलं वाक्य क्रियापदावर संपतं. ‘आमचे सेक्रेटरी म्हणजे साक्षात यमराज आहेत’ यातला ‘आहेत’ हशा दाबून टाकतो. तो काढला की ‘यमराज’वर वाक्य थांबतं आणि लोकांना हसायला जागा मिळते. असे बदल पाच मिनिटांचा तोच सेट, म्हणजे तेच विनोद त्याच क्रमाने, पुन्हा पुन्हा करून सापडतात. प्रत्येक सेट फोनवर रेकॉर्ड करा आणि घरी ऐका.

दोन्हींची सांगड घालता येते. ब्रिटनच्या केंट विद्यापीठात, स्वतः स्टँडअप केलेल्या ऑलिव्हर डबल यांनी हा विषय अनेक वर्षं शिकवला. तिथे २०१३ पासून स्टँडअपचं अभिलेखागारही उभं राहिलं. आपल्याकडेही असं काही व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

महागड्या कार्यशाळेची फी भरण्याआधी एकच विचारा: खऱ्या प्रेक्षकांसमोर किती वेळा उभं करणार? शो देणारे प्रमाणपत्र नाही, क्लिप मागतात.

संशोधन किंवा अध्यापन करायचं असेल तर पदवी घ्याच. बाकीच्यांनी आधी काही महिने ओपन माइक करावेत, मराठीत होणारे शोधून. तेवढ्यात आवाज कमी पडतोय की लेखन, हे कळेल आणि पुढचं शिक्षण त्यावरून निवडता येईल.