बिलावरच्या 'द'आप्रे'ने मला ३८० युरोंना गंडवलं

मागच्या वर्षी पॅरिसला बहिणीकडे गेले होते, तेव्हा जुन्या वस्तूंच्या बाजारात एका स्टॉलवर ज्यां बेरांची प्रिंट दिसली आणि मी तिथेच थांबले. बेरां म्हणजे १४व्या लुईचा डिझायनर, १६७४ पासून दरबारात, ऑपेराचे कपडे, जहाजांवरची नक्षी, राजघराण्यातल्या अंत्यविधीची सजावट, सगळं त्याच्याकडे. त्याची डिझाइन्स छापील कागदांवरून कारागिरांपर्यंत पोचायची आणि मग सरदारांच्या वाड्यांतल्या कपाटांवर, पडद्यांवर तीच नक्षी. माझ्या प्रिंटमध्ये बारीक वेलींना लटकलेली दोन माकडं होती, इतकी गोड की माझी अक्कल तिथेच गहाण पडली.

विक्रेता म्हातारा, बोलायला एकदम मधाळ. सतराव्या शतकातली आहे, एका मार्कीच्या, म्हणजे बड्या सरदाराच्या, वाड्यातून आलीय म्हणाला. मी भिंगातून पाहिलं, आजकालच्या छपाईचे ठिपके नाहीत. जुन्या प्रिंट्स कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून छापायचे, त्या पत्र्याचा दाबही कडेला बोटाला लागत होता. झालं, दिले ३८० युरो.

दुसऱ्या दिवशी फ्रेमवाल्या बाईंनी प्रिंट खिडकीशी धरली आणि गप्पच बसल्या. सतराव्या शतकातल्या हातकागदात उजेडात जाळीच्या रेघा दिसतात, माझ्या कागदात एकही नाही. असा बिनरेघांचा कागद १७५० च्या आसपास निघाला, तोही इंग्लंडात, आणि बेरां तर १७११ लाच गेला. मग तो दाब कसला, तर १८६० च्या दशकात एदुआर बाल्दुस नावाच्या फोटोग्राफरने जुन्या नक्षीच्या प्रिंट्स फोटोवरून पत्र्यावर उतरवून छापल्या होत्या, तसलंच काहीतरी हे असणार म्हणाल्या, पत्रा आहे म्हणून दाब आहे. खालची कड कापलेली होती, छापणाऱ्याचं नाव-गाव सगळं त्यातच गेलेलं. मला वाटलेलं जुनं आहे म्हणून कुरतडलंय!

मी बिल घेऊन परत गेले. बिलावर फक्त 'द'आप्रे बेरां', म्हणजे बेरांवरून. प्रिंटवर तर हा शब्द असतोच की, चित्र एकाचं आणि कोरणारा दुसरा, त्यामुळे घेताना मला काही खटकलंच नव्हतं. पण फ्रान्समध्ये १९८१ चा एक सरकारी आदेश आहे, त्यात 'द'आप्रे'ने कसलीच हमी मिळत नाही, शतक लिहिलं तर मात्र वस्तू त्याच काळातली असल्याची हमी विक्रेत्यावर येते. तेव्हा काहीही घेताना 'सतरावं शतक' हे बिलावर लिहून घ्या, आणि लिहायला टाळाटाळ केली तर सरळ पुढे चला. तोंडी तो माणूस शतकच काय, मार्कीसुद्धा देत होता, बिलावर मात्र आकडा फक्त किमतीचा.

त्याने बिल शांतपणे माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाला, मादाम, वाचा ना.