टाकीच्या पाईपवर पाण्याचं मीटर बसवून आठ महिने झाले, त्याचा अनुभव

आधीच सांगतो, हे बिलाचं मीटर नाही, ते वेगळं. हे मी स्वतःच्या डोक्याला शांतता मिळावी म्हणून घेतलेलं साधं मेकॅनिकल मीटर, गच्चीवरच्या टाकीतून घरात उतरणाऱ्या पाईपवर बसवलंय. घरात आम्ही चौघं, टाकी कधी संपते कुणाला कळायचं नाही आणि संपली की प्रत्येकजण दुसऱ्याची आंघोळ किती वेळ चालते ते सांगायला लागायचा. म्हटलं बास, आकडा बघू.

पहिली चूक माझीच. प्लंबर म्हणाला पाईप एक इंची आहे तर मीटरपण एक इंचीच घ्या, मी शहाणपणा करून अर्धा इंची घेतलं. बसलं व्यवस्थित, लीकेज काही नाही, पण शॉवरची धार एकदम मरून गेली. टाकीचं पाणी नुसतं उंचीवरून येतं, 10 मीटर उंची असेल तर साधारण 1 बार प्रेशर, आमच्याकडे टाकी आणि शॉवर यांत जेमतेम 3 मीटर म्हणजे 0.3 बार, त्यात मध्ये हे बारीक बोगदा घेऊन बसलं. दोन महिन्यांनी बदललं आणि एक इंची टाकलं. पंपाचं प्रेशर नसेल तर पाईपच्या साईजचंच घ्या, माझ्यासारखं करू नका.

वाचायला सोपं आहे. काळे आकडे घनमीटर, लाल आकडे लिटर, 1 घनमीटर म्हणजे 1000 लिटर. मध्ये एक छोटी चांदणी असते, पाणी वाहत असलं की ती फिरते. सगळे नळ बंद करून चांदणी बघायची, फिरत असेल तर कुठेतरी पाणी चाललंय, एवढं सोपं.

पहिल्या आठवड्यात रोजची सरासरी आली 690 लिटर. मला वाटलं मीटरच खराब. मग एका रात्री सगळे झोपल्यावर 11 वाजता रीडिंग घेतलं आणि सकाळी 6 ला परत, मधल्या सात तासांत 63 लिटर! कुणी उठलंसुद्धा नव्हतं. शोधता शोधता फ्लशच्या टाकीपाशी आलो, त्यात खायचा रंग टाकला आणि पंधरा-वीस मिनिटं थांबलो, फ्लश न करता खाली भांड्यात रंग उतरलेला. तळाचं रबर कडक झालेलं, तिथून झिरपत होतं, थोडी पातळी उतरली की बॉल कॉक उघडून परत भरून घ्यायचा. तो सूं आवाज आम्ही किती महिने ऐकत होतो देव जाणे, कुणाच्या डोक्यात आलं नाही. तासाला 9 लिटर म्हणजे दिवसाला 216. रबर बदललं आणि दुसऱ्या दिवसापासून आकडा 470 च्या आसपास. ह्याच्या आधी आम्ही दाढी करताना नळ बंद ठेवा, मगाने पाणी घ्या वगैरे करून किती वाचवत होतो तर फार तर 20-30 लिटर, आणि इकडे शांतपणे दोनशे लिटर गटारात. एकट्या ह्या रबरासाठी मीटर घेतलं असतं तरी वसूल होतं.

उत्साहात सगळ्या नळांना एरेटर पण लावले, म्हणजे ती तोंडाला बसणारी जाळी. त्याबद्दल माझं मत अर्धं-अर्धं. बेसिनला मस्त, हात धुताना धार फुगीर वाटते आणि पाणी कमी जातं. पण बादली भरायच्या नळाला लावून काय उपयोग? बादली 15 लिटरची ती 15 लिटरच घेणार, फक्त भरायला दुप्पट वेळ. हे मला मीटर बघेपर्यंत सुचलं नाही ह्याचीच लाज वाटते. वाहत्या पाण्याखाली जे काम होतं तिथेच जाळी लावा. आणि पॅकेटवर जो मिनिटाला अमुक लिटर आकडा असतो तो बऱ्याचदा 3 बार प्रेशरचा असतो, टाकीच्या पाण्यावर त्याहून कितीतरी कमी येतं, किचनमध्ये तर भांडी घासणाऱ्याने वैतागून दोन दिवसांत काढून टाकली.

वॉशिंग मशीन वरून उघडणारं आहे, एका धुण्याला 118 लिटर, तीनदा मोजलं. शेवटच्या पाण्याचा पाईप आता बादलीत सोडतो, ते बाथरूम धुवायला जातं. आरओचं टाकाऊ पाणी फरशी पुसायला. झाडांना रोज नको, त्यात क्षार जास्त असतात. एसीचं पाणी मात्र झाडांना चालतं, ती खोलीतल्या हवेतलीच वाफ थंड कॉईलवर जमून टपकते, क्षार जवळजवळ नसतात. पिऊ नका अर्थात, धूळबीळ असते.

आता धाकट्या भावाचं. तो पहिल्या दिवसापासून माझी चेष्टा करतोय, "दादा, पाणी जाणार कुठे, चक्र आहे ना, फिरून येतंच." आणि गंमत म्हणजे तो चुकीचा नाही, पृथ्वीवरचं पाणी कमी होत नाही. मी बरेच दिवस गप्प बसलो, मग वाचायला लागलो. नदीला पुरेल इतका पाऊस पडतो का हेच लोकांना आधी पटत नव्हतं, पाणी जमिनीखालून समुद्रातून येतं असंही मानायचे. 1674 मध्ये पिअर पेरो ह्या फ्रेंच माणसाने सीन नदीच्या वरच्या खोऱ्यातला पाऊस आणि नदीतलं पाणी ह्यांचा हिशोब मांडला, तर पाऊस साधारण सहापट निघाला. नंतर 1687 मध्ये एडमंड हॅलीने, तोच धूमकेतूवाला, भांड्यातलं पाणी किती उडतं ते मोजून समुद्रातून किती वाफ उठत असेल त्याचा अंदाज काढला. म्हणजे ही मंडळीपण माझ्यासारखी आकडे लिहीत बसलेली, मला जरा बरं वाटलं.

भावाला मी सांगितलं ते असं की चक्र फिरतं पण सगळीकडे एका स्पीडने नाही. हवेतली वाफ साधारण 9-10 दिवसांत खाली येते, खोल भूजल मात्र मुरायला आणि बाहेर यायला शेकडो, कुठे कुठे हजारो वर्षं. आपण उपसतो दिवसात. आणि तो फ्लशचा 216 लिटरवाला माल गटारातून जाऊन समुद्राला मिळाला तर त्याचं पुढचं ढग कुठल्या डोंगरावर रिकामं होईल ते काय आपल्या टाकीला विचारून होणार नाही. शिवाय ते गच्चीवर चढवायला पंप चालतो तो वेगळाच. त्यावर तो म्हणाला, "मग पावसाचं धरून ठेव." हे मात्र बरोबर बोलला. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर, आमची गच्ची 60 चौरस मीटर, 10 मिलिमीटर पडला तर 600 लिटर, थोडं वाया जाईल ते सोडा. आमचा आताचा रोजचा आकडा 410 आहे, म्हणजे एका बऱ्या सरीत जवळजवळ दीड दिवसाचं पाणी डोक्यावरून वाहून जातं. मीटर नसतं तर हे 600 मला नुसता आकडा वाटला असता. त्याचं पाईपचं काम काढलंय, झालं की लिहीन.

तक्रारी पण आहेत. टाकी पूर्ण रिकामी होऊन परत भरली की पाईपमधली हवा जाताना मीटर ती पण मोजतं, त्या दिवसाचं रीडिंग मी सोडून देतो. एक इंची मीटर थेंब-थेंब गळती पकडत नाही, चांदणी हलतच नाही. बेसिनचा नळ ठिबकत होता तो असाच सुटला, शेवटी खाली भांडं ठेवून मोजलं तर 10 तासांत 2 लिटर. त्यामुळे चांदणी थांबली म्हणजे सगळं ठीक असं समजू नका.

आणि सगळ्यात वैताग म्हणजे काचेच्या आत ओल शिरलीय. थंडीच्या दिवसांत सकाळी काच आतून धुरकट, आकडे दिसत नाहीत, ऊन आलं की साफ, रात्री परत तेच. दुकानदार म्हणाला बदलून देतो पण तेवढ्यासाठी पाईप परत कोण उघडणार. भाऊ रोज सकाळी विचारतो, "काय दादा, चक्र चालू आहे ना आत?" मी आता रीडिंग दुपारी घेतो.