व्यासभाष्यासह मराठी योगसूत्रं: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

पतंजलींच्या योगसूत्रांचे चार पाद, म्हणजे भाग. त्यातल्या दुसऱ्या, साधनपादाची पानं परवा गठ्ठ्यानं हातात आली, म्हणून शेवटी लिहायला बसले. 650 रुपयांचं पुस्तक, एका पावसाळ्यात सुटलं. कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये सगळंच सादळतं हे मान्य, पण त्याच कपाटातली माझ्या सासऱ्यांची जुनी पुस्तकं आजही धड आहेत.

प्रकाशकाकडे फोन केला. "मॅडम, सात दिवसांच्या आत कळवायचं असतं." बांधणी वापरून सुटते, सात दिवसांत नाही, हे सांगून पाहिलं. फोटो पाठवले, उत्तर नाही. शेवटी शिवाजी पेठेतल्या एका बाइंडरकडे गेले. त्यांनी पुस्तक उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "ताई, ह्यात शिवण कुठाय? नुसता गम लावलाय की." बाजूनं भोकं पाडून दोऱ्यानं शिवून दिलं, वर कापडी पाठ, 150 रुपये. आता पुस्तक सपाट उघडत नाही आणि आतल्या समासातल्या माझ्या टिपा अर्ध्या शिवणीत गेल्या. म्हणजे ते मला 800 ला पडलं, तेही टिपा गमावून.

पण बांधणी दुरुस्त होते. माझी मोठी तक्रार छपाईची आहे आणि ती कुठल्याही बाइंडरच्या हातात नाही.

सूत्र ठळक टाइपात आहे, ठीक. त्याखाली व्यासभाष्याचा, म्हणजे सूत्रांवरच्या व्यासांच्या जुन्या टीकेचा, अनुवाद सुरू होतो. तो कुठे संपला आणि अनुवादकांचं स्वतःचं विवेचन कुठे सुरू झालं, हे कळायला काहीच खूण नाही. तोच टाइप, तोच आकार, कित्येकदा परिच्छेदही तोच. पहिल्याच सूत्राखाली चित्ताच्या पाच भूमी, म्हणजे अवस्था, येतात: क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र, निरुद्ध. मी राजारामपुरीत सकाळचा योगवर्ग घेते. तिथं एका काकांनी विचारलं, "हे पतंजलींनी कुठल्या सूत्रात म्हटलंय?" कुठल्याच नाही. ही पाचांची यादी भाष्यातली आहे. हे पुस्तक वाचून मात्र कुणालाही ती सूत्रकारांचीच वाटेल. त्याच परिच्छेदात पुढे मोबाइलमुळे चित्त कसं विक्षिप्त होतं ते येतं, ते अनुवादकांचं हे उघड आहे. पण अशी खूण प्रत्येक पानावर मिळत नाही.

हा बारीक मुद्दा नाही. सूत्रं 195 की 196, हा फरकसुद्धा यातूनच येतो. तिसऱ्या, विभूतिपादात शब्द वगैरेंच्या अंतर्धानाबद्दल एक वाक्य आहे. काही आवृत्त्या त्याला सूत्र धरतात, काही भाष्याचा भाग. सूत्रं आणि भाष्य एकाच हातचं, असं मानणारेही अभ्यासक आहेत. ते खरं धरलं तरी विसाव्या-एकविसाव्या शतकातल्या अनुवादकाचं वाक्य त्यात मिसळून चालत नाही. अनुवाद जरा आत सरकवून छापला असता, तरी काम झालं असतं. त्याला जास्तीचा कागद फारसा लागत नाही. मूळ संस्कृत भाष्य इंटरनेटवर फुकट मिळतं, ते शेजारी उघडून मी पहिल्या, समाधिपादभर निळ्या पेन्सिलीनं रेघा मारल्या. पैसे देऊन घेतलेल्या पुस्तकात हे काम वाचकानं का करायचं?

आणि तरीही हे पुस्तक मी सोडलेलं नाही, कारण भाष्याचा अनुवाद खरोखर सुंदर आहे. अभ्यास आणि वैराग्याच्या सूत्रावर व्यास म्हणतात, चित्तनदी दोन्हीकडे वाहते, कल्याणाकडेही आणि पापाकडेही. वैराग्यानं विषयांकडचा ओघ अडवायचा, विवेकाच्या अभ्यासानं दुसरा ओघ मोकळा करायचा. नुसत्या सूत्रावरून अभ्यास आणि वैराग्य दोन्ही का लागतात, ते मला वर्गात कधी नीट सांगता आलं नव्हतं. आता सांगता येतं.

आसनांचा भाग वाचून वर्गातले लोक चकित झाले. आसनावर सूत्रं तीनच. बसणं स्थिर आणि सुखाचं असावं, प्रयत्न सैल सोडावा, चित्त अनंताशी जुळावं, मग थंडी-उन्हासारखी द्वंद्वं बाधत नाहीत. व्यास पद्मासन, वीरासन, दंडासन अशी नावं देतात, क्रौंच, हत्ती, उंट बसतात तशी आसनंही सांगतात, पण जवळजवळ सगळी बसायचीच. अनुवादकांनी इथं हठयोगाच्या ग्रंथांमधली, हठयोगप्रदीपिकेतली 15 आणि घेरंडसंहितेतली 32 आसनं जोडून दाखवली आहेत, हे फार उपयोगी. सूर्यनमस्कार यात कुठंच नाहीत. त्यांचा घरोघरी प्रसार विसाव्या शतकातला, त्यात औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचा वाटा मोठा. आपल्या जवळच्या सातारा जिल्ह्यातली ही गोष्ट पुस्तकात असायला हवी होती.

योगाला आधार असलेल्या सांख्य दर्शनावरच्या लांबलचक प्रस्तावनेबद्दल माझं मत मात्र बदललं. पंचवीस तत्त्वांची ती पानं सुरुवातीला पुस्तक जाड करायला घातल्यासारखी वाटत होती, त्यासाठी एक तारा कापणारच होते. साधनपादात द्रष्टा आणि दृश्य यांच्या संयोगाशी पोचल्यावर पुन्हा तिकडे वळले. व्यासांनी तिथं वैद्यकशास्त्र पुढं ठेवलंय: रोग, रोगाचं कारण, आरोग्य, औषध. तसंच संसार, त्याचं कारण, मोक्ष आणि मोक्षाचा उपाय. पुरुष (पाहणारं चैतन्य, द्रष्टा) आणि प्रकृती (दिसणाऱ्या जगाचं मूळ) म्हणजे काय हे माहीत नसेल, तर यातलं कारणच कळत नाही. प्रस्तावनेचा तारा परत.

शेवटी अकारादी सूत्रसूचीही नाही. वर्गात कुणी सूत्र विचारलं की चारही पाद चाळायचे.

तर तीन तारे. त्यातले दोन फक्त भाष्याच्या अनुवादाला. घेणार असाल तर दुकानात पाठ वाकवून शिवण आहे का ते आधी बघा, आणि निळी पेन्सिल जवळ ठेवा. समाधिपादात भाष्य कुठं कुठं संपतं, याची पानवार यादी मी प्रकाशकांना ईमेलनं पाठवली आहे. पुढच्या आवृत्तीत ती वापरली, तर वर्गासाठी दहा प्रती घ्यायची माझी तयारी आहे.